स्टेथोस्कोपच्या जनकाचा अंत

डॉक्टर म्हटला की गळ्यात स्टेथोस्कोप आलाच. तो ज्यांनी शोधला ते डॉ. रेने लेनेक वयाच्या अवघ्या ४५व्या वर्षी गेले, आणि तेही क्षयरोगाने. ज्या रोगाची छातीतली चाहूल ओळखायला त्यांनी जगभरच्या डॉक्टरांना शिकवले, त्याच रोगाने.

लेनेक यांचा जन्म १७८१ सालचा, फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातला. आई लहानपणीच वारली. नांत शहरात डॉक्टर असलेल्या काकांनी त्यांना वाढवले आणि वैद्यकाची गोडीही लावली. पुढचे शिक्षण पॅरिसला झाले.

१८१६ साली ते तिथल्या नेकर रुग्णालयात रुजू झाले. त्याच वर्षी हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुणी तपासणीसाठी आली. त्या काळी छातीला थेट कान लावून ऐकत. ती वयाने तरुण, अंगाने स्थूल; लेनेक यांना संकोच वाटला. लाकडी ओंडक्याचे एक टोक टाचणीने खरवडले तर दुसऱ्या टोकाला आवाज स्पष्ट येतो, हे त्यांना आठवले. त्यांनी कागदांची घट्ट गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवले, दुसरे कानाला लावले. ठोके नुसत्या कानापेक्षा स्वच्छ ऐकू आले. पुढे लेथवर लाकूड कातून त्यांनी फूटभर लांबीची पोकळ नळी तयार केली. हातात कसब होते, बासरीही वाजवत.

पण नळी म्हणजे माझ्या मते निम्म्याहून कमी शोध. खरे काम नंतरच्या तीन वर्षांतले. रुग्णाच्या छातीत जे ऐकू येई ते टिपून ठेवायचे आणि तो दगावला तर शवविच्छेदनात फुप्फुसाची अवस्था त्या नोंदींशी ताडून पाहायची. न्यूमोनियाच्या सुरुवातीची चरचर त्यांना तापवल्यावर तडतडणाऱ्या मिठासारखी वाटली. क्षयाने फुप्फुसात पोकळी पडली असेल, तर रुग्णाचे बोलणे छातीतूनच थेट कानात येते, हेही त्यांनीच सांगितले. हे सारे १८१९ च्या त्यांच्या ग्रंथात आहे. यकृताच्या आजाराचे ‘सिऱ्होसिस’ हे नावही त्यांचेच.

या शवविच्छेदनांत हातमोजे नव्हते, मास्क नव्हता. एकदा क्षयग्रस्त मणका कापताना करवत त्यांच्या बोटाला घासली आणि तिथे गाठ आली. क्षय जंतूंमुळे होतो हे रॉबर्ट कॉख यांनी दाखवले ते १८८२ मध्ये. तोवर लेनेक यांच्यासारखा बारकाईने पाहणारा माणूससुद्धा क्षय संसर्गाने पसरतो हे मानायला तयार नव्हता. दीर्घकाळ मनात साचलेले दुःख हे त्याचे मोठे कारण, असे त्यांना वाटे. क्षयाने त्यांचा भाऊही गेला होता.

आमच्या सरकारी रुग्णालयात टीबी झालेले निवासी डॉक्टर मी पाहिले आहेत. सहा महिने नेमाने गोळ्या घेऊन ते पुन्हा ड्यूटीवर आले. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर बेडका तपासून घ्या, असे आम्ही सर्वांनाच सांगतो, कारण आता पुढे देण्यासारखे औषध आहे आणि ते मोफत मिळते. लेनेक यांच्याकडे अचूक निदान होते, औषध नव्हते. क्षयावरचे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला १९४० चे दशक उजाडावे लागले.

ग्रंथ पूर्ण होताच प्रकृती ढासळली म्हणून ते दोन वर्षे गावी जाऊन राहिले. सुधारल्यावर पुन्हा पॅरिस, पुन्हा वॉर्ड, प्राध्यापकी आणि ग्रंथाची दुसरी आवृत्ती. १८२६ मध्ये ती निघाली तेव्हा ताप आणि खोकला पाठ सोडत नव्हता. चुलत भाऊ मेरियादेक डॉक्टर होता. त्याने लेनेक यांचीच नळी त्यांच्या छातीला लावली आणि काय ऐकू येते ते सांगितले. त्या आवाजांचा अर्थ लेनेक यांना कुणी समजावून देण्याची गरज नव्हती.

१३ ऑगस्ट १८२६ रोजी ब्रिटनीतल्या घरी त्यांचे निधन झाले. मृत्युपत्रात त्यांनी आपला स्टेथोस्कोप मेरियादेकच्या नावे केला होता. १८३१ साली ग्रंथाची तिसरी आवृत्ती निघाली, ती याच चुलत भावाच्या टिपांसह.