मंगळाचा नकाशाकार

तांबूस तेजाने झळकणारा मंगळ प्राचीन काळापासून मानवाच्या कुतूहलाचा विषय होऊन राहिला आहे. या ग्रहाचा सूक्ष्म नकाशा रेखाटण्यासाठी ज्याने आपले डोळे झिजविले, त्या इटालियन ज्योतिर्विदाचे नाव जोव्हान्नी शियापारेल्ली. परंतु त्याच्या कार्यापेक्षा त्याने वापरलेल्या एका शब्दाचाच जगात अधिक गाजावाजा झाला, आणि तोही विपरीत अर्थाने!

शियापारेल्लीचा जन्म १४ मार्च १८३५ रोजी इटलीतील साविल्यानो या गावी झाला. सात वर्षांचा असताना त्याने खग्रास सूर्यग्रहण पाहिले. आकाशाची ओढ त्याला बालपणीच लागली. तुरिन येथील विद्यापीठाची पदवी १८५४ साली मिळविल्यावर त्याने बर्लिन व पुल्कोव्हो येथील वेधशाळांत ज्योतिषशास्त्राचे अध्ययन केले. पुढे तो मिलान शहरातील ब्रेरा वेधशाळेत रुजू झाला आणि १८६२ पासून १९०० पर्यंत तिचा संचालक होता. १८६१ साली त्याने हेस्पेरिया हा लघुग्रह शोधून काढला. ऑगस्ट महिन्यात दिसणारा उल्कावर्षाव आणि १८६२ सालचा धूमकेतू यांची कक्षा एकच आहे, हे त्याने गणिताने दाखवून दिले. उल्का कोठून येतात, या जुन्या कोड्याचा त्यामुळे उलगडा झाला.

१८७७ साली मंगळ पृथ्वीच्या बराच जवळ, म्हणजे सुमारे साडेपाच कोटी किलोमीटरांवर आला. ही संधी साधून शियापारेल्लीने सुमारे २२ सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून त्याचे वेध घेण्यास आरंभ केला. हे काम तो व्रतस्थ वृत्तीने करी. दृष्टी व चित्त स्थिर राहावे म्हणून वेध घेण्यापूर्वी मद्यच काय, पण कॉफीदेखील तो वर्ज्य करी. मंगळावरील प्रदेशांना त्याने प्राचीन भूगोलातून व पुराणकथांतून वेचून नावे दिली. त्यांपैकी कित्येक आजही प्रचारात आहेत.

या वेधांत त्याला काही बारीक, गडद रेषा दिसल्या. त्यांना त्याने ‘कानाली’ असे म्हटले. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ निसर्गाने पाडलेली प्रवाहाची वाट असाही होतो आणि माणसाने खणलेला कालवा असाही होतो. आपल्या शेतातील पाट आणि डोंगरउतारावरील ओहोळ यांत केवढा भेद! पाट म्हटला की तो खणणारा कोणीतरी आलाच. इंग्रजी वृत्तपत्रांनी व लेखकांनी हा विवेक न करता कालवा हाच अर्थ उचलला. सुएझचा कालवा १८६९ सालीच वाहतुकीस खुला झाला होता. त्यामुळे वाचकांच्या मनात ती कल्पना सहज रुजली. कालवे आहेत, तर ते खणणारे कुशल जीवही असलेच पाहिजेत, असा तर्क लढविला जाऊ लागला.

अमेरिकेतील धनिक पर्सिव्हल लॉवेल याने १८९४ साली खास वेधशाळा उभारून या कल्पनेचा हिरिरीने पुरस्कार केला. १९११ साली तर मंगळवासीयांनी दोन वर्षांत दोन प्रचंड कालवे बांधल्याची वार्ता न्यूयॉर्कच्या एका प्रतिष्ठित दैनिकाने छापली. या रेषा निसर्गनिर्मित असाव्यात, अशीच स्वतः शियापारेल्लीची प्रथमपासून धारणा होती. पुढे त्यानेही मंगळवासीयांविषयी कल्पनेचे खेळ केले. परंतु कल्पना ती कल्पना आणि वेध तो वेध, हे भान त्याने सोडले नाही.

शियापारेल्ली अचूकच होता, असे मात्र नव्हे. १९०९ साली अँतोनियादी याने फ्रान्समधील म्यूदाँ येथे ८३ सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा त्या सरळ रेषांच्या जागी विस्कळीत ठिपके व डाग आढळले. सुटे ठिपके जोडून रेषा पाहण्याची डोळ्यांची खोडच त्याला नडली होती! जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ या अमेरिकन यानाने मंगळाजवळून छायाचित्रे पाठविली. त्यांत विवरे दिसली, कालवे कोठेच नव्हते. बुधाला स्वतःभोवती फिरण्यास ८८ दिवस लागतात, हे त्याचे अनुमानही त्याच वर्षी रडारच्या साहाय्याने चुकीचे ठरले. तो काळ सुमारे ५९ दिवसांचा निघाला.

उतारवयात दृष्टी मंदावल्यामुळे शियापारेल्लीला दुर्बिणीचा निरोप घ्यावा लागला. मग त्याने प्राचीन लोकांच्या ज्योतिषशास्त्राचा अभ्यास आरंभिला. ४ जुलै १९१० रोजी मिलान येथे त्याचे देहावसान झाले.

शास्त्रज्ञही चुकतो; परंतु काय पाहिले व कशातून पाहिले हे तो नोंदवून ठेवतो, म्हणून त्याची चूक पुढच्या अभ्यासकाला सुधारता येते. उतावीळ वार्ता हा तपशीलच गाळून टाकते आणि शंकेला सिद्धांताचे रूप देते. आजही दूरच्या ग्रहांवर जीवसृष्टी सापडल्याच्या वार्ता अधूनमधून झळकतात. त्या वाचताना क्षणभर थांबावे. हे कोणी पाहिले, कोणत्या साधनाने पाहिले आणि त्याने नेमका कोणता शब्द वापरला, एवढे विचारावे. एका शब्दाने मंगळावर कालवे खणले, हे विसरू नये.