बाप्तिस्म्यानंतरची प्रार्थना

आजचं वाचन : इफिसकरांस पत्र १:१५-१९



आजचं मनन अलोरे इथून लिहितोय. चिपळूणहून कराडकडे निघालं की कुंभार्ली घाट चढायच्या आधी हे गाव लागतं. कोयना प्रकल्पाची कॉलनी म्हणून बऱ्याच जणांना माहीत असेल. इथे आत्याकडे चार दिवसांसाठी आलोय. रेंज येते-जाते, त्यामुळे मोबाईल बाजूला पडला आणि बऱ्याच दिवसांनी एकच उतारा तीन-चारदा वाचला.

उताऱ्यात पौल प्रार्थना करतोय. स्वतः बंदिवासात आहे, पण सुटका मागत नाही. इफिसच्या विश्वासणाऱ्यांसाठी तो ज्ञान मागतो. देवाला ओळखता यावं, मनाचे डोळे उघडावेत, देवाने कशाच्या आशेसाठी बोलावलंय ते दिसावं, आणि विश्वास ठेवणाऱ्यांच्या बाबतीत त्याचं सामर्थ्य किती मोठं आहे ते कळावं, असं त्याचं मागणं आहे. मी हा उतारा कितीदा तरी वाचलाय, पण पंधरावं वचन नेहमी पटकन ओलांडून जायचो. तिथे पौल सांगतो की या लोकांचा विश्वास आणि प्रीती यांबद्दल त्याने आधीच ऐकलंय. म्हणजे ही प्रार्थना अविश्वासणाऱ्यांसाठी नाहीच. विश्वासात आलेल्यांसाठी आहे, ज्यांचे डोळे उघडलेत असं आपण धरूनच चालतो त्यांच्यासाठी.

आणि मला रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवले. ते याच रत्नागिरी जिल्ह्यातले. आपण रविवारी 'उपासना संगीत' उघडतो तेव्हा कितीतरी गीतांखाली त्यांचं नाव असतं. पण त्यांची साक्ष सांगताना आपण बहुतेक वेळा रेल्वेच्या डब्यात सुरू करतो आणि बाप्तिस्म्याशी थांबतो. बाप्तिस्म्यानंतर ते चोवीस वर्षं जगले. माझ्या मते पौलाच्या प्रार्थनेचं उत्तर त्या चोवीस वर्षांत आहे.

तरी आधीचं थोडक्यात सांगायलाच हवं.

टिळकांचा जन्म १८६१ मध्ये करजगावचा, चित्पावन ब्राह्मण घरातला. वडील कडक, रागीट. आईवर मात्र फार जीव. ती १८७३ मध्ये गेली आणि हा अकरा-बारा वर्षांचा मुलगा घर सोडून नाशिकला आला. तिथे गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकला, थोडं इंग्रजी शिकला, कविता करू लागला. १८८० मध्ये जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी लग्न झालं, तीच लक्ष्मीबाई. लग्नात ती अकरा-बारा वर्षांची होती आणि तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पुढची वर्षं नुसती भटकंतीची. आज या गावात मास्तर, उद्या दुसऱ्या गावात पुराण सांगणारे. नोकरी धरायची, सोडायची. कधी कधी घरी न सांगता निघून जायचं. नागपूरला आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने जुन्या संस्कृत ग्रंथांचं काम मिळालं तेव्हा जरा स्थैर्य आलं.

बुद्धी होती, वाचन अफाट होतं, देशप्रेम होतं. हिंदुस्थानचं भलं कोणत्या धर्माने होईल हा प्रश्न त्यांना खरोखर छळत होता. हे सगळं असून समाधान नव्हतं. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. गप्पा झाल्या, कवितेवर बोलणं झालं. उतरताना त्याने नवा करार हातात दिला, वाचायचं वचन घेतलं आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगून गेला. तो कोण होता हे टिळकांना पुढेही कधी कळलं नाही. (आपण ज्यांना एखादं वचन फॉरवर्ड करतो आणि निळ्या टिकची वाट बघत बसतो, त्यांनी या माणसाचा विचार करावा. मीही करतोय.) टिळक वाचत वाचत मत्तयाच्या पाचव्या अध्यायापाशी आले, डोंगरावरच्या प्रवचनापाशी, आणि तिथे अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

इथे टाळ्या वाजवून थांबायची आपली सवय. पण त्याच दिवसांत लक्ष्मीबाईंचं काय चाललं होतं? नवरा बाटला ही बातमी त्यांच्यावर कोसळली. त्यांना आधी काहीही सांगितलेलं नव्हतं. पदरात लहान दत्तू. नवरा जिवंत, पण सोबत राहणं अशक्य, आणि त्या काळात अशा बाईला समाजात जागा कुठली? माहेरच्या माणसांनी सांभाळलं, पण त्यांचाही संताप होताच. 'स्मृतिचित्रे' वाचलं असेल तर ती पानं विसरता येत नाहीत. नसेल तर वाचा, मराठीत त्या तोडीची आत्मकथा क्वचित सापडेल.

मला वाटतं, हे न सांगता निघून जाणं शहाणपणाचं नव्हतं. टिळकांना प्रभू भेटला होता यात शंका नाही. पण घरात न सांगता निघून जाण्याची त्यांची जुनी खोड बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडाली नव्हती, ती त्यांच्यासोबतच वर आली. तुमच्यातले काही जण मला लिहितात की घरचे विश्वासात नाहीत, त्यांना कसं सांगू, सांगूच नको का. मी टिळकांचं उदाहरण देऊन निघून जा असं कुणालाही सांगणार नाही. त्यांच्या त्या एका पावलाची किंमत पाच वर्षं दुसऱ्याच कुणीतरी मोजली.

आता पौलाची प्रार्थना हाताशी ठेवून पुढचं बघा.

टिळक अहमदनगरला गेले, मिशनच्या कामाला लागले, धर्मशिक्षण देणाऱ्या शाळेत शिकवू लागले. लक्ष्मीबाईंना पत्रं लिहीत राहिले. काही वर्षांनी त्या आल्या, पण ख्रिस्ती व्हायला नव्हे, नवऱ्याजवळ राहायला. त्यांचं सोवळं-ओवळं कायम, स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळक तापट माणूस होते, हे त्यांच्या बायकोनेच मोकळेपणाने लिहून ठेवलंय. एका शब्दावरून भडकायचे. पण या बाबतीत त्यांनी जबरदस्ती केली नाही. माझं पाणी पी, माझ्या देवाला मान, असा हट्ट धरला नाही. तिची सोय तिच्या मताप्रमाणे होऊ दिली आणि वाट पाहिली.

आशेचे डोळे उघडतात म्हणजे काय, हे मला इथे थोडंसं कळतं. ज्या माणसाला आयुष्यभर कुठल्याच गावी, कुठल्याच नोकरीत दम धरवला नव्हता, तो स्वतःच्या घरात वर्षानुवर्षं दम धरून बसला. हे त्याच्या स्वभावात नव्हतं. कुठूनतरी आलेलं होतं.

लक्ष्मीबाईंचं मन कुणाच्या वादविवादाने बदललं नाही. जात माणसाने केली की देवाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला घातला आणि स्वतःच उत्तर काढलं. एकदा उत्तर सापडल्यावर त्या कुणाच्याही हातचं खायला-प्यायला तयार झाल्या. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. तो छप्पनच्या दुष्काळाचा काळ. घरात स्वतःचंच धड भागत नव्हतं, तरी या दोघांनी अनाथ मुलं आणून ठेवली. टिळकांच्या हातात पैसा आला की तो घरी पोचेलच याची खात्री नसायची. वाटेत कुणी गरजू भेटला की संपला. संसार मात्र बाईंना चालवायचा असायचा! आपण याला औदार्य म्हणतो. लक्ष्मीबाईंनी ते हसत हसत लिहिलंय, पण त्या हसण्याच्या मागे रिकामे डबे आहेत.

१९०४ मध्ये टिळकांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. १९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचं संपादन त्यांच्याकडे आलं. बाहेरून पाहिलं तर सगळं जागेवर बसलेलं. आतून मात्र एक गोष्ट त्यांना जास्त जास्त दिसू लागली होती. आपली मंडळी ख्रिस्ताची उपासना परक्या चालींवर करते, परक्या रीतीने बसते-उठते, आणि शेजारचा मराठी माणूस बाहेरूनच निघून जातो. टिळक लहानपणापासून अभंग-कीर्तनात वाढलेले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असं ते मोकळेपणी सांगत. म्हणून त्यांनी येशूसाठी अभंग लिहिले, भजनं लिहिली, ख्रिस्ती कीर्तनं केली. आज आपल्याला हे सहज वाटतं. तेव्हा दोन्हीकडून शंका होत्या. इकडचे म्हणत बाटगा, आणि तिकडच्या काहींना वाटे की जुनं अजून सुटलं नाही.

त्यांच्या घरात बालकवी राहायचे. त्र्यंबक बापूजी ठोमरे, 'फुलराणी'वाले. टिळक दांपत्याने त्यांना मुलासारखं सांभाळलं. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत आणि त्यावरून त्यांची माया कमी झाली नाही. १८९५ च्या टिळकांना हे जमलं असतं का, मला शंका आहे.

आणि मग १९१७. वय पंचावन्न-छप्पन. आज या वयात लोक पीएफचा हिशेब करतात. टिळकांनी मिशनचा पगार सोडला, स्वतःला ख्रिस्ताचा संन्यासी म्हणवून घेतलं आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे येशूचे दोन्ही प्रकारचे शिष्य एकत्र बसावेत, अशी कल्पना होती. ती बरोबर होती की नाही यावर मंडळीत तेव्हाही वाद झाला, आजही होऊ शकतो. माझंही मन त्यावर पूर्ण तयार नाही. बाप्तिस्मा ही प्रभूची आज्ञा आहे, ती ऐच्छिक करता येत नाही असं मला वाटतं. पण मला वेगळंच काहीतरी धरून ठेवतं. बावीस वर्षं विश्वासात काढलेला, नाव झालेला, दीक्षित माणूस अजूनही प्रभू, मला अजून दाखव असं मागत होता. त्यांच्या 'अभंगांजली'त पानोपानी हेच मागणं आहे.

दरबार फार चालला नाही. तब्येत खालावली. ९ मे १९१९ ला मुंबईत जे. जे. हॉस्पिटलमध्ये ते प्रभूकडे गेले. हातातलं मोठं काम अर्धं राहिलं. अर्धं तरी कुठलं? 'ख्रिस्तायन' नावाने प्रभूचं सगळं चरित्र ओवीत लिहायला त्यांनी घेतलं होतं, त्याचे जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते.

अलोरेबद्दल एक सांगायचं राहिलं. काल संध्याकाळी आत्याच्या यजमानांबरोबर फिरायला गेलो होतो. ते प्रकल्पात नोकरीला होते, आता निवृत्त आहेत. सह्याद्रीच्या भिंतीकडे बोट करून त्यांनी सांगितलं की कोयनेचं पाणी खरं तर पूर्वेला कृष्णेकडे जाणारं. ते डोंगराच्या पोटातून बोगद्याने इकडे पश्चिमेला वळवलं, पोफळीला डोंगराच्या आत वीजघर केलं, तिथून सुटलेलं पाणी कोळकेवाडीच्या धरणात अडवून पुन्हा वापरलं, आणि शेवटी ते वाशिष्ठीला मिळतं. बाहेरून पाहिलं तर नुसता हिरवा डोंगर. मी विचारलं, आत इतकं पाणी पडतंय ते इथे ऐकू येत नाही का? ते म्हणाले, नाही रे, आवाज नाही येत, पण घरात दिवा लागतो ना.

पौल एकोणिसाव्या वचनात ज्या सामर्थ्याबद्दल बोलतो, ते आतून काम करताना टिळकांच्या घरात कुणाला ऐकू आलं असेल असं वाटत नाही. ऐकू येत होते ते बायकोचे रिकामे डबे, नवऱ्याचा राग, नातेवाइकांचे टोमणे.

आणि 'ख्रिस्तायन' पूर्ण झालं. ते पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनी. लग्नाच्या वेळी जिला अक्षरओळख नव्हती, ख्रिस्त या नावाने जिचा संसार मोडला होता, त्या बाईने त्याच ख्रिस्ताच्या चरित्राचे आणखी चौसष्ट अध्याय ओवीत लिहिले. १९३६ मध्ये त्याही गेल्या. ग्रंथ १९३८ मध्ये छापून आला, तेव्हा तो पाहायला दोघांपैकी कुणीच नव्हतं.

आज रात्री इफिसकरांस पत्र १:१५-१९ सावकाश वाचा. जिथे पौल तुम्ही म्हणतो तिथे आधी स्वतःचं नाव घाला. मग घरातल्या त्या माणसाचं नाव घाला, ज्याच्याशी विश्वासाबद्दल बोलायचं तुम्ही टाळताय.

प्रार्थना : हे पित्या, मी तुला ओळखतो असं मला वाटतं, आणि तरी आज सकाळी मी आईशी तोडून बोललो. माझे डोळे उघड. मला जे घाईने हवंय त्यासाठी थांबायला शिकव. जे अजून तुझ्याकडे आलेले नाहीत त्यांच्याबरोबर एका ताटात जेवताना माझ्या मनात हिशेब नसू दे. आत्याच्या गुडघ्याचं दुखणं तुला माहीत आहे, तिला आज शांत झोप दे. प्रभु येशूच्या नावाने मागतो. आमेन.