पुण्यश्लोक अहिल्यादेवी

हल्य म्हणजे विरूपता. ती जिच्या ठायी नाही ती अहल्या. गौतमऋषींच्या पत्नीचे हे नाव, बोलीत अहिल्या होऊन, चौंडीच्या (ता. जामखेड) माणकोजी शिंदे यांच्या १७२५ साली जन्मलेल्या कन्येस लाभले. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. सती निघालेल्या सुनेस मल्हाररावांनी अडविले, म्हणूनच पुढील कार्य घडले. सासरे व पुत्र मालेराव यांच्या पश्चात १७६७ पासून महेश्वरी राहून त्यांनी कारभार पाहिला. काशीविश्वेश्वर व वेरूळच्या घृष्णेश्वराची देवालये पुन्हा उभारली, तीही खासगीच्या पैशातून, हे विशेष. १७९१ साली जावई वारले. कन्या मुक्ताबाई सती निघाली. आईने परोपरीने विनविले. लेकीने ऐकले नाही. चार वर्षांनी, १३ ऑगस्ट १७९५ रोजी, देवींनी महेश्वरी देह ठेवला.