बाटली नंबर ५३-एन : १९ जणांचा जीव गेला आणि प्लेगची लस शोधणारे हाफकिनच आरोपी ठरले

१२ जानेवारी २०२१. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटमधून कोविशिल्डचे पहिले ट्रक पूजा करून निघाले. प्रत्येक कुपीवर बॅच नंबर होता. आपल्याकडे लसीची बॅच बाजारात येण्याआधी कसौलीच्या सरकारी प्रयोगशाळेतून पास व्हावी लागते.

एवढी तपासणी कशाला? त्यासाठी वाल्डेमार हाफकिन यांची गोष्ट माहीत हवी.

हाफकिन मूळचे ओडेसाचे, जन्म १८६०चा. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस बनवली आणि १८९३ मध्ये ती घेऊन भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. तिथून तो पुण्यात पोहोचला. मार्च १८९७ मध्ये सावित्रीबाई फुले याच साथीत गेल्या.

तोवर हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली होती. १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई त्यांनी स्वतःलाच टोचून घेतली. पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमधून ही लस देशभर जाऊ लागली.

मग आलं १९०२ साल. पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना लस दिली गेली. त्यातले १९ जण धनुर्वाताने दगावले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिली होती. नंबर ५३-एन.

चौकशी बसली. हाफकिन यांनी लसीत कार्बोलिक ॲसिड घालणं थांबवून उष्णतेने निर्जंतुक करण्यावर भिस्त ठेवली होती. आयोगाने तिथेच बोट ठेवलं. बाटली परळमध्येच दूषित झाली, असा ठपका आला आणि त्यांचं पद गेलं.

पण कागदपत्रं पुन्हा तपासल्यावर चित्र पालटलं. बाटली उघडली तेव्हा तिला घाण वास नव्हता. धनुर्वाताचे जंतू आत आधीपासून वाढत असते तर तो आलाच असता. शिवाय गावात बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटनेही हाफकिन यांच्या बाजूने कौल दिला.

मलेरियावर संशोधन करणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञ जाहीरपणे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. अखेर १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. परत आले, पण परळला नाही, कलकत्त्याला. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला हाफकिन यांचं नाव मिळालं. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यांचं निधन झालं.

बाटलीवर नंबर होता म्हणून ते १९ मृत्यू एका बाटलीपर्यंत शोधता आले. पण नंबर फक्त बाटली दाखवतो. ती कारखान्यात बिघडली की सुई टोचताना, हे कळायला मधल्या प्रत्येक टप्प्याची नोंद लागते. हाफकिन यांना ते सिद्ध व्हायला पाच वर्षं लागली.