मोटार बंद केली की ट्रान्झिस्टर का उडतो? कारण सापडलं होतं १८३२ मध्येच, एका घड्याळजीच्या शागिर्दाला

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोली एमआयडीसीत एखाद्या मशीनचं कंट्रोल कार्ड उघडून बघा. रिलेच्या शेजारी पांढरा पट्टा असलेला छोटा काळा डायोड बरेचदा दिसेल, तोही उलटा जोडलेला. किंमत चिल्लर. पण इंजिनीअरिंगची पोरं प्रोजेक्टात मोटार जोडताना नेमका हाच विसरतात. मोटार फिरते छान, बंद केली की ट्रान्झिस्टर खल्लास.

हा डायोड ज्या कारणासाठी लागतो ते शोधणारा आणि रिलेची कल्पना प्रत्यक्षात आणणारा माणूस एकच. जोसेफ हेन्री.

१७ डिसेंबर १७९७ ला अमेरिकेतल्या ऑल्बनी गावात, गरीब घरात त्याचा जन्म झाला. वडील लहानपणीच गेले. पोरगं आधी दुकानात कामाला, मग घड्याळजी आणि चांदी कारागिराकडे शागीर्द. डोक्यात मात्र नाटकाचं वेड. सोळाव्या वर्षी विज्ञानाचं एक साधं पुस्तक हाती पडलं आणि गडी तिकडे वळला तो कायमचा. ऑल्बनी अकॅडमीत त्याला फुकट शिकायला मिळालं आणि १८२६ मध्ये तिथेच तो प्राध्यापक झाला.

तिथे शिकवण्याचा रगाडा इतका की प्रयोगाला वेळ मिळायचा उन्हाळी सुट्टीत. तेवढ्यात त्याने तारेवर रेशीम गुंडाळून, एकावर एक वेढे देत जबरदस्त विद्युतचुंबक बनवले. १८३१ मध्ये येल कॉलेजसाठी बनवलेल्या चुंबकाने ९०० किलोपेक्षा जास्त वजन उचललं. त्याच वर्षी त्याने विजेवर वरखाली डोलणारी एक छोटी मोटारही केली.

आता मुद्द्याची गोष्ट. तार आखूड असली तर बॅटरीपासून सोडवताना काहीच व्हायचं नाही. तार लांब असली की ठिणगी पडायची, आणि तिचीच गुंडाळी केली की ठिणगी आणखी जोरात. बॅटरी तीच! १८३२ मध्ये हेन्रीने हे छापून सांगितलं. तेव्हा कोल्हापुरात बुवासाहेब महाराजांचं राज्य होतं आणि ट्रान्झिस्टर यायला शंभरहून जास्त वर्षं बाकी होती.

ठिणगी का पडते? पंचगंगेवरून उसाला पाणी नेणारी पाइपलाइन आठवा. पाणी जोरात वाहतंय आणि व्हॉल्व्ह एकदम बंद केला तर पाइपला दणका बसतो. कॉइलचंही तसंच. तिच्यातून वाहणारा करंट एका क्षणात थांबायला तयार नसतो. वाट तोडली की कॉइल स्वतःच व्होल्टेज चढवते, बारा व्होल्टच्या मोटारीतूनही शेकड्यात जाऊ शकतं. बीसी ५४७ सारखा ट्रान्झिस्टर झेलतो ४५ व्होल्ट. मग काय होणार?

म्हणून मोटारीच्या दोन टोकांना डायोड लावायचा, पट्ट्याची बाजू प्लसकडे. मोटार चालू असताना तो गप्प बसतो. ट्रान्झिस्टर बंद झाला की कॉइलचा करंट डायोडमधूनच गोल फिरतो आणि विरतो. व्होल्टेज सप्लायपेक्षा जेमतेम एखादा व्होल्ट वर जातं. छोट्या मोटारीला ४००७ नंबरचा डायोड चालतो, त्याची क्षमता एक अँपिअर. पट्टा उलट्या बाजूला लावलात तर मात्र थेट शॉर्ट.

हेन्रीचं नशीब थोडं आडवंच. चुंबकापासून वीज तयार होते हे त्यालाही दिसलं होतं, पण इंग्लंडच्या मायकेल फॅरेडेने ते आधी छापलं आणि श्रेय तिकडे गेलं. प्रिन्स्टनला गेल्यावर १८३५ च्या सुमारास त्याने रिले बनवला. लांबून आलेल्या क्षीण करंटने दुसरं सर्किट चालू करायची ही युक्ती. पेटंट घेतलं नाही. पुढे टेलिग्राफवर मोठा झाला सॅम्युअल मोर्स, आणि श्रेयावरून दोघांचं जाहीर वाजलं.

१८४६ मध्ये हेन्री स्मिथसोनियन संस्थेचा पहिला प्रमुख झाला. १८६५ च्या जानेवारीत तिथल्या इमारतीला आग लागली आणि त्याची बरीचशी कागदपत्रं त्यात जळाली. १३ मे १८७८ ला वॉशिंग्टनमध्ये तो गेला.

पंधरा वर्षांनी, १८९३ मध्ये, शिकागोच्या विद्युत परिषदेत कॉइलचा हा हट्टीपणा मोजायच्या एककाला नाव दिलं गेलं, हेन्री. दुकानात कॉइल घेताना आपण ‘मिलीहेन्री’ म्हणतो ते त्यावरूनच.