पहिल्या निवडणुकीचे सूत्रधार सुकुमार सेन

स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसने लोकसभेच्या ४८९ पैकी ३६४ जागा जिंकल्या. स्वातंत्र्यलढ्याची पुण्याई आणि पंडित नेहरूंचे नेतृत्व यांमुळे हा निकाल जवळपास अपेक्षितच होता. मात्र एवढ्या बलाढ्य सत्ताधारी पक्षाच्या राज्यात मतदान निष्पक्षपणे पार पाडणे ही कसोटी होती. ती पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या वाट्याला आली.

प्रेसिडेन्सी कॉलेज आणि लंडन विद्यापीठात शिकलेले सेन हे गणिताचे सुवर्णपदक विजेते. १९२१ मध्ये ते आय. सी. एस. सेवेत दाखल झाले. बंगालमध्ये न्यायाधीश म्हणून काम केल्यानंतर ते पश्चिम बंगालचे मुख्य सचिव झाले आणि मार्च १९५० मध्ये निवडणूक आयुक्तपदी आले.

नेहरूंना १९५१ च्या पूर्वार्धातच निवडणूक हवी होती. सेन यांनी घाई करण्यास नकार दिला. मतदार होते १७ कोटींहून अधिक आणि त्यांतील बहुसंख्य निरक्षर. म्हणून प्रत्येक उमेदवारासाठी चिन्ह लावलेली स्वतंत्र मतपेटी ठेवण्यात आली. त्यांपैकी लाखो पेट्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात बनल्या. 'अमक्याची पत्नी', 'तमक्याची आई' अशी नोंद झालेल्या आणि स्वतःचे नाव न सांगणाऱ्या सुमारे २८ लाख स्त्रियांना सेन यांनी यादीतून वगळले. निर्णय कठोर होता. पण मताधिकार व्यक्तीचा, नात्याचा नव्हे, हे तत्त्व त्यातून रुजले.

ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ असे चार महिने मतदान चालले. काँग्रेसला मते मिळाली सुमारे ४५ टक्के, जागा मात्र जवळपास तीन चतुर्थांश. खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईत काँग्रेसच्या नारायण काजरोळकर यांच्याकडून पराभूत झाले.

१९५३ मध्ये सेन यांनी सुदानच्या पहिल्या निवडणुकीचेही काम पाहिले. १९५४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

१९५७ ची निवडणूकही त्यांच्याच देखरेखीखाली झाली. लोकसभेत काँग्रेसने ४९४ पैकी ३७१ जागा राखल्या. परंतु केरळमध्ये मतपेटीतून कम्युनिस्ट सरकार सत्तेवर आले आणि पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला जबर धक्का दिला. सत्ताधाऱ्यांना नाकारणारे मतही तितक्याच काटेकोरपणे मोजले गेले होते. डिसेंबर १९५८ मध्ये सेन पदमुक्त झाले. पुढे बरद्वान विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणूनही त्यांनी काम केले.