डोळ्यांना न दिसणारी माशी

१९१४ सालच्या जुलैमधला शेवटचा शनिवार. ऑस्ट्रियाने सर्बियाला दिलेल्या निर्वाणीच्या खलित्याची मुदत त्या संध्याकाळी संपत होती. युरोपच्या राजधान्यांतून तारांचा नुसता पाऊस पडत होता. आणि ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे लंडन सोडून हॅम्पशायरमधील इचेन नदीकाठच्या आपल्या छोट्याशा घरी गेले होते. चार राष्ट्रांची परिषद बोलवावी या प्रस्तावाला त्यांनी संमती दिली ती तिथूनच. पुढे जर्मनीने तो नाकारला. ते लंडनमध्ये असते तर काही निराळे घडले असते का? मला तसे वाटत नाही. पण महायुद्धाच्या उंबरठ्यावर नदीकाठी गेलेला मंत्री हा ठपका त्यांच्या नावाला चिकटला, तो चिकटलाच.

ही नदी त्यांच्या आयुष्यात नवी नव्हती. १८६२ मध्ये जन्मलेले ग्रे विंचेस्टरच्या शाळेत असताना याच इचेनवर ट्राउट धरायला शिकले. ही मासेमारी आपल्या गळ टाकून बसण्यासारखी नव्हे. इथे गळाला गांडूळ नसते; पिसे आणि रेशमी धागा बांधून केलेली नकली माशी असते. चुनखडीच्या थरांतून झिरपून आलेले इचेनचे पाणी काचेसारखे नितळ. पाण्यावर उतरणारे किडे टिपायला ट्राउट वर येतो. तो कुठे उठतो हे आधी हेरायचे, त्याच्या मागून दबकत जायचे आणि माशी त्याच्या थोडी वरच्या बाजूला अशी अलगद टाकायची की प्रवाहाबरोबर ती कोरडीच तरंगत त्याच्या तोंडाशी यावी. दोरीने तिला जरा ओढ दिली की मासा पसार. सारा खेळ नजरेचा.

ऑक्सफर्डने या माणसाला १८८४ मध्ये आळशीपणाबद्दल घरी पाठवले होते. (पुढे १९२८ मध्ये त्याच विद्यापीठाने त्यांना कुलपती केले, हा भाग वेगळा.) आळस पुस्तकांपुरता असावा. कारण ते १८८५ मध्ये खासदार झाले, त्याच वर्षी डोरोथी विडरिंग्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि १८९० मध्ये इचेनकाठी त्यांचे ते छोटे घर उभे राहिले. शनिवारी पहाटे वॉटर्लूची गाडी धरून दोघे तिथे पोहोचत. ग्रे मासे धरत. डोरोथींना पक्षी आणि फुले यांचे वेड. १८९९ मध्ये आलेले ‘फ्लाय फिशिंग’ हे ग्रे यांचे पुस्तक याच सुट्ट्यांचे फळ.

डिसेंबर १९०५ मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले. मोर्ले-मिंटो सुधारणांमुळे आपल्याला ठाऊक असलेले मोर्ले याच मंत्रिमंडळात होते. दोनच महिन्यांत घोडागाडीतून फेकल्या गेल्याने डोरोथींचा मृत्यू झाला. मूलबाळ नव्हते. ग्रे कामाला जुंपले गेले ते अकरा वर्षे, डिसेंबर १९१६ पर्यंत. शनिवारची नदी मात्र त्यांनी सोडली नाही. १९१४ चा तो शनिवारही त्यातलाच.

त्याच सुमारास त्यांची दृष्टी मंदावत चालली होती. पाण्यावर तरंगणारी एवढीशी माशी दिसेना, तिथे मासा कुठे उठला हे काय दिसणार! शाळकरी वयापासून हाती असलेली विद्या अशी हळूहळू हातची गेली. उरला सॅमन. स्कॉटलंडच्या उत्तरेत कॅसली नदीवर ते सॅमन धरायला जात. समुद्रातून गोड्या पाण्यात अंडी घालायला आलेला हा मासा नदीत काही खात नाही. तरी तो माशीवर का झेपावतो, हे कोडेच आहे. त्यासाठी माशी पाण्याखाली बुडवून प्रवाहात आडवी फिरू द्यायची. दिसण्याचा प्रश्नच नाही. दोरी ताणली जाते आणि मासा लागल्याचे हातालाच कळते. डोळ्यांचा खेळ गेला, हातांचा राहिला. वाचनही बोटांवर आले. ग्रे ब्रेल शिकले.

कानांनीही साथ दिली. १९१० च्या जूनमध्ये थिओडोर रूझवेल्ट यांना त्यांनी इचेनच्या खोऱ्यातून आणि न्यू फॉरेस्टमधून पायी फिरवून पक्ष्यांचे आवाज ओळखून दाखवले होते. पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक मात्र १९२७ मध्ये आले, दृष्टी पार अधू झाल्यावर.

इचेनकाठचे घर १९२३ मध्ये जळाले. १९३० मध्ये मासेमारीच्या जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. तीत सॅमनबद्दल आणि गेलेल्या दिवसांबद्दल त्यांनी नव्याने लिहिले. ७ सप्टेंबर १९३३ रोजी नॉर्थम्बरलंडमधील फॅलोडन या घराण्याच्या वाड्यात त्यांचे निधन झाले. तिथल्या तळ्यावरची बदके त्यांच्या हातून दाणे खात. त्यांची रक्षा तिथेच, डोरोथींच्या रक्षेपाशी ठेवली आहे.